विम्यात न बसलेला कूलर

या, जरा पुढं सरकून बसा. मागं बसाल तर कूलरच्या घरघरीत निम्मी गोष्ट वाहून जाईल, आणि गोष्ट मुळात कूलरचीच आहे. पाय लांब केले तरी चालतील. डोळा लागला तरी चालेल. कीर्तनात ज्याला झोप लागते त्याच्या कानात नाम आपसूक उतरतं असं आमच्याकडं मानतात, आणि तसं मानलं नाही तर वैशाखातल्या दुपारी बुवापुढं बसायला माणूस मिळायचा नाही. एवढंच करा, अधूनमधून हूं म्हणत जा. सांगणाऱ्याला त्या हूंचा किती आधार असतो, ते पुंडलिकराव गावंड्यांच्या या गोष्टीत पुढं येईलच.

यवतमाळहून लोहाऱ्याकडं जाताना, कारखान्यांची वस्ती सुरू होण्याच्या जरा अलीकडं पुंडलिकरावांचं घर. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले, आणि निरोपाच्या दिवशी साहेबांनी जी शाल अंगावर घातली तीच खांद्यावर टाकून त्यांनी कीर्तनाचा अभ्यास सुरू केला. दर एकादशीला कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात ते उभे राहत. गळा बेताचा, पण डोळ्यांतलं पाणी खरं. शेजारी त्यांना बुवा म्हणत, निम्मे भक्तीनं, निम्मे गमतीनं, आणि पुंडलिकराव दोन्ही निम्मे प्रसादासारखे पदरात घेत.

घराचे भाग दोन. पुढच्या भागात पुंडलिकराव आणि विमलताई. मागच्या भागात भाड्यानं देवसिंग आडे, त्याची बायको सुखीबाई आणि मुलगी वर्षा. माणसं दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावरची. तांड्यात शेत, आणि देवसिंग लोहाऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. ती राहायला आली तेव्हा वर्षा पाळण्यात होती, आता ती नर्सिंग शिकत होती. त्यामुळं भाडेकरू हा शब्द त्या घरात केव्हाच विटून गेला होता. भाडं दिलं-घेतलं जायचं, पण नजर दुसरीकडं ठेवून, लग्नात आहेराचं पाकीट देतात तसं.

दोन्ही भागांच्या मध्ये एक भिंत, आणि दोन्ही घरांत मिळून एक कूलर. हे कसं, ते नीट ऐका, कारण पुढं विमा कंपनीलाही ते समजावून सांगावं लागलं.

कूलर बोळीत लोखंडी घोडीवर उभा होता, तोंड देवसिंगच्या खिडकीत घालून. पत्र्याचा डबा पुंडलिकरावांनी बाजारातून ठोकून आणलेला. आतली मोटर जळाली तेव्हा नवी बसवली देवसिंगनं. पाण्याचा पंप विमलताईंच्या माहेरचा. वाळ्याच्या ताट्या एका उन्हाळ्यात यांनी बदलायच्या, पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी. बटन पुंडलिकरावांच्या खोलीत, कारण मीटर त्यांचं. पाण्याचा नळ देवसिंगच्या मोरीत, कारण पाइपलाइन तिकडूनच गेलेली. यांनी बटन दाबावं, त्यांनी पाणी सोडावं, तेव्हा कुठं गार वारा. आणि तो वारा इकडच्या खोलीतही यावा म्हणून मधल्या भिंतीत, छताच्या जरा खाली, एक झरोका.

झरोका पाडला धर्मपाल मिस्त्रीनं. "वारा येईन येवढाच पाड," पुंडलिकरावांनी बजावलं होतं. धर्मपालनं आधी भिंतीला कान लावला, मग छिन्नी लावली. म्हणाला, "वाऱ्यापुरताच पाडतो बुवा. पण वाऱ्याच्या मांगं मांगं बोलणंबी येईन. त्याले मी काही करू शकत नाई."

तसंच झालं. जिनिंगचा हंगाम सरला की उन्हाळाभर देवसिंग दुपारचा घरी. जेवणं झाली की पुंडलिकराव अलीकडं आडवे, देवसिंग पलीकडं आडवा. पुंडलिकराव येत्या एकादशीचं आख्यान घोळायला घेत. वैशाखात त्यांचं आवडतं आख्यान गजेंद्राचं, कारण त्यात पाणी पुष्कळ.

"मंग हत्ती तळ्यात उतरला, देवसिंगभाऊ."

झरोक्यातून यायचं, "हूं."

"पाणी कसं, गारगार. कमळं फुलून राह्यली."

"हूं."

"अन् खाली मगर."

"हूंऽ."

तो हूं हळूहळू लांबायचा, पातळ व्हायचा, घोरण्यात विरघळायचा. मग पुंडलिकरावांचीही जीभ जड व्हायची, आणि हत्तीला तसाच पाण्यात सोडून दोघे झोपी जायचे. एक वारा, एक वाळ्याचा वास. वैकुंठ याहून फार वेगळं असेल असं पुंडलिकरावांना वाटत नसे. तिथं वीज जात नसेल, एवढंच.

आता या सुखाला विमा कसा लागला ते ऐका.

पुण्याहून मुलाचा, अंकुरचा फोन आला. त्याच्या इमारतीत कोणाचा तरी गिझर पेटला, घर काळं पडलं, आणि विमा होता म्हणून माणूस सावरला. "बाबा, आपल्या घराचा विमा आहे ना?" पुंडलिकरावांनी देवाकडं पाहिलं. देवानं त्यांच्याकडं पाहिलं. नाही म्हणणं दोघांनाही जड गेलं.

त्याच आठवड्यात वावटळ उठली आणि शेजारच्या विठ्ठलरावांच्या गच्चीवरचा टिनाचा पत्रा उचलून तिनं समोरच्या बसंतीबाईंच्या कुरडयांवर अलगद नेऊन ठेवला. पुंडलिकरावांना हा दृष्टांतच वाटला.

"परवा देवळात काय सांगतलं?" विमलताई म्हणाल्या. "देह म्हणजे भाड्याचं घर, मालक म्हणन तवा खाली करा लागते, संगं काही नेता येत नाई. बाया रडल्या. अन् आज विमा कायले?"

"संगं न्याचं नाईच हाय," पुंडलिकराव शांतपणे म्हणाले. "पण मांगं सोडून जाचं, त शाबूत सोडून जावं."

बातमी फुटली आणि सल्ले येऊ लागले. विठ्ठलरावांचा स्वतःचा विमा कधीच नव्हता, त्यामुळं त्यांचा या विषयातला आत्मविश्वास ताजा होता. "घराचा काहून काढता? जागेचा काढा. घर चुन्यामातीचं. भाव हाय तो जागेले." बसंतीबाई कुरडयांतला टिनाचा गंज निवडत म्हणाल्या, "आमच्या मारेगावच्या मावसभावानं विमा काढला, अन् घरात साप निघाला." सापाचा आणि विम्याचा संबंध काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तेच त. त्यालेबी नाई समजला."

शेवटी विठ्ठलरावांनीच आपली भाची पाठवली. तिचं नाव प्रेरणा. छत्रछाया नावाच्या विमा कंपनीत ती कामाला. भर दुपारी आली, पन्हं घेतलं, वाऱ्याच्या झोतात बसली आणि समजावून सांगू लागली. तिचा आवाज इतका मऊ आणि एकलयीत होता, की पुंडलिकरावांचे हात आपोआप टाळ धरल्यासारखे जवळ आले.

"काका, जागेचा विमा नसतो. जागा जळत नाही, उडत नाही. विमा बांधकामाचा. तोही बाजारभावाचा नाही. घर पडलं तर तेच पुन्हा उभं करायला जे लागेल, त्याचा."

"म्हणजे पुनर्जन्माचा," पुंडलिकराव म्हणाले.

"तसंच समजा. आणि आतल्या सामानाचा वेगळा. ते ज्याचं त्यानं काढायचं. भिंती, छत तुमचं, म्हणून त्याचा विमा तुम्ही काढायचा. मागचे काका भाड्यानं राहतात, त्यांना भिंतींचं बघायची गरज नाही. पण टीव्ही, फ्रिज, कपाट त्यांचं आहे, त्याचा विमा त्यांना काढता येतो. पुष्कळ भाडेकरूंना वाटतं, मालकानं काढलाय ना, मग आपलंही झालं. तसं नसतं. उद्या छत कोसळलं तर छताचं तुम्हाला मिळेल. छताखाली त्यांचा टीव्ही चेपला, तर तो तुमच्या विम्यात नाही."

माझं छत देवसिंगच्या टीव्हीवर पडायचं, आणि भरपाई मला? हे कोणत्या शास्त्रात बसतं? त्यांनी मनाशी ठरवलं, काढायचा तर दोन्ही घरांचा काढायचा. देवसिंगच्या सामानाचा विमा आपण पुढं होऊन करून द्यायचा. लक्षात ठेवा हं, पुढं जे झालं ते या प्रेमापोटी झालं. प्रेमापोटी माणूस काय काय मोडून ठेवतो, त्याचा विमा अजून कोणत्या कंपनीनं काढलेला नाही.

"पण घर कोणतं अन् सामान कोणतं, हे वळखाचं कसं?"

प्रेरणानं वर बघून क्षणभर विचार केला. "मारुतीरायानं डोंगर उचलला, तसं त्यानं हे घर उचललं आणि उलटं करून हलवलं असं समजा. जे खाली पडेल ते सामान. जे पडणार नाही, ते घर."

कीर्तनवेड्या माणसाला असा दृष्टांत भर दुपारी द्यायचा नसतो. ती गेली आणि पुंडलिकरावांचा डोळा लागला.

पाहतात तो मारुतीराय आलेले. शेपटी आवरून घेत त्यांनी घर उचललं, अगदी हळू, झोपलेल्या लेकरासारखं, आणि उलटं धरलं. खाली यवतमाळ उन्हात पांढरं पडलेलं. घरातून वस्तू गळू लागल्या. लोणच्याच्या बरण्या निघाल्या, रांगेनं, घाई न करता. कपाट निघालं आणि जाता जाता त्याची दारं पंखांसारखी उघडली. विमलताईंची साडी तरंगत लोहाऱ्याच्या भोंग्यावर बसली. पुंडलिकराव स्वतःही खाली निघाले, पण वाईट काही वाटेना. कापूस उडावा तसे ते उडत होते. कूलर तेवढा मध्येच लोंबकळत राहिला, पडू की नको अशा विचारात. आणि वर पाहतात तर देवसिंग. झरोक्यातून कंबरेपर्यंत बाहेर आलेला, उलटा. मारुतीराय हलवताहेत, हलवताहेत, पण देवसिंग पडत नाही. त्यानं पुंडलिकरावांकडं पाहिलं आणि म्हणाला, "हूं."

पुंडलिकराव जागे झाले. देवसिंग काहून पडला नाही, हे कोडं घेऊन त्यांनी चहा घेतला. मग कोडं बाजूला ठेवून ते कागदांच्या मागं लागले.

नगरपालिकेतल्या बाबूनं घराची नोंद काढली. "पुढं घर हाय, अन् मांगं गोठा."

"मांगं माणसं राह्यतात."

"मंग ढोरं कुठं गेले?"

"ढोरं नव्हतेच कधी."

नोंद पुंडलिकरावांच्या कैलासवासी वडिलांनी करून ठेवलेली. गोठ्याला कर कमी बसतो, एवढाच त्यात हेतू. पुंडलिकरावांनी मनोमन वडिलांना नमस्कार केला, पण जरा तुटक. "गोठ्याले गोठाच म्हणा लागते," बाबू म्हणाला. "बदलाचं असन त अर्ज करा. पाहणी होईन." हे शब्द पुंडलिकरावांनी ओळखले. पाटबंधारे खात्यात असताना सगळ्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना त्यांनी हेच शब्द वाटले होते. फिरून घरी आले बिचारे.

आता सामान वेगळं करणं आलं. प्रेरणानं एवढंच सांगितलं होतं, की ज्याचं त्यानं फोटो काढून ठेवावेत. पण पुंडलिकराव सरकारी माणूस. मागितल्यापेक्षा दोन कागद जास्त जोडायची सवय हाडात मुरलेली. देवसिंगचं कुटुंब उमरखेडला लग्नाला गेलं होतं, किल्ली नेहमीसारखी इकडंच होती. एका वाटीत गेरू भिजवून पुंडलिकराव कामाला लागले. आपल्या वस्तूवर पु, देवसिंगच्या वस्तूवर दे.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. शेजारच्या घरून भांडं आलं, तर ते रिकामं परत करत नाहीत. वाटीतून कढी आली, तर वाटीतून निदान चार शेंगदाणे तरी परत जातात. मग ती शेंगदाण्यांची वाटी इकडून रिकामी कशी पाठवायची? अशा रीतीनं भांडं एकदा उंबरठा ओलांडून गेलं की त्याला मरेस्तोवर विसावा नाही. विमलताई आणि सुखीबाई यांनी हा व्यवहार भांड्यांवर थांबवला नव्हता. देवसिंगची खाट पुंडलिकरावांच्या वडिलांची. पुंडलिकरावांचा विठोबा ज्या चौरंगावर उभा, तो वर्षाच्या बारशाला सुखीबाईंनी आणलेला. पुरणयंत्र विमलताईंचं असून त्यांनी ते कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. आणि कीर्तनाला ज्या गोधडीवर पुंडलिकराव उभे राहत, भिंगांच्या भरतकामाची, ती सुखीबाईंच्या आईच्या हातची. विठोबा चौरंग सोडून कुठं जाईल, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

पुंडलिकरावांना पडला. ज्याचं त्याच्याकडं असलं, तरच ते त्याच्या विम्यात येणार. प्रामाणिक माणूस. त्यांनी विठोबाला वर्तमानपत्रावर उभं केलं, चौरंगावर दे काढलं, गोधडीच्या कोपऱ्यावर दे काढलं, आणि दोन्ही नेऊन देवसिंगच्या खोलीत मधोमध ठेवलं. फोटोत भिंत नीट यावी म्हणून झरोक्यावर आपल्या खोलीच्या बाजूनं फळी ठोकली. मग गेरूचे हात धुऊन, पुण्य केल्याच्या समाधानात ते अंघोळीला गेले.

लग्नाहून परतलेल्या देवसिंगला फाटकातच बसंतीबाई भेटल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या पोटात बातमी ठरत नसे, इतकंच. "तुमची खोली सरकारात गोठा म्हणून हाय म्हणे. अन् बुवानं तुमचं सामान वेगळं केलं, बापा. काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताईंच्या ओट्यावर भांडी येऊन पडली होती. पातेली, डबे, वाट्या आणि ते पुरणयंत्र. घासून आरशासारखी केलेली, एकात एक बसवलेली. विमलताईंनी एकेक झाकण उघडून पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

"चांगली घासली की," पुंडलिकराव म्हणाले.

"तुमाले काही समजते काय? रिकामे हाय सगळे."

पुंडलिकराव मागच्या दारी गेले. देवसिंग दाढी करत होता. "बसा भाऊ," तो म्हणाला. नेहमी तो बसा म्हणत नसे, पुंडलिकराव येऊन बसलेलेच असत. "बरं झालं तुमी सामान वेगळं केलं. नेणं सोपं झालं. लोहाऱ्यात खोली पाहून राह्यलो मी. माणसानं गोठ्यात किती राहाचं?"

आतून सुखीबाई म्हणाल्या, "माह्या याडीच्या हातची गोधडी होती. आईच्या हातची वस्तू वापस कराची होती, त हातात द्याची. गेरू लावून नाई."

एका वाक्यात सगळं उलगडून सांगता आलं असतं. पण पुंडलिकरावांचा स्वाभिमान नेमका त्याच घडीला जागा झाला. मी ह्यांच्या टीव्हीसाठी उन्हातान्हात नगरपालिका पालथी घातली, अन् हे मला बसा म्हणतात? ते तसेच मागं फिरले. बोळीत कूलरच्या घोडीला त्यांचा अंगठा ठेचला, तेही त्यांनी मनात धरलं.

प्रेरणा पुन्हा आली तेव्हा अंगणात तिला दोन घरं दिसली, पूर्वी एकच दिसलं होतं. देवसिंगला तिनं सामानाच्या विम्याचं नीट सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली. मग तिनं विचारलं, "आणि हा कूलर कोणाच्या यादीत?"

"माझा नाई," पुंडलिकराव म्हणाले. "मोटर त्यायची हाय. त्यायचाच."

"डबा त्यायचा," देवसिंग म्हणाला. "मोटर डब्याले दिली, म्हणजे त्यायलेच दिली. आपला काही हक्क नाई."

"पाणी त्यायचं."

"लाइट त्यायची."

एखाद्या कूलरसाठी भांडलेली माणसं प्रेरणानं पाहिली होती. एकमेकांच्या पायावर कूलर घालणारी पहिल्यांदाच पाहत होती. ती म्हणाली, "ठरवून सांगा काका, एकादशीनंतर येते," आणि स्कूटी चालू केली.

कूलर दुसऱ्याचा ठरल्यावर तो लावायचा कसा? इकडं पुंडलिकराव बटनाला हात लावेनात, तिकडं देवसिंग नळाला. आमच्या वैशाखात नळाचं पाणी चहासाठी अर्धं तापूनच येतं, त्यात दोन्ही घरं स्वाभिमानानं शिजत पडली. वर्षा ओला पंचा डोक्यावर घेऊन पुस्तक वाची. विमलताई आंधणाजवळ बसून बाहेर आल्यावर म्हणत, आत गार होतं. कूलर बोळीत कोरडा उभा. त्याच्या ताट्यांत चिमणीनं दोन काड्या आणून ठेवल्या.

आणि आख्यान अडलं. पुंडलिकराव दुपारी आडवे होत, म्हणत, "मंग हत्ती तळ्यात उतरला." झरोक्यावर फळी. पलीकडून काही नाही. पुन्हा म्हणत, "उतरला." हूं आल्याशिवाय पुढचं वाक्य येतच नसे, पायाखालची पायरी कोणी काढून घ्यावी तसं. विमलताईंनी दोनदा हूं म्हणून पाहिलं, पण त्यांच्या हूंमध्ये बायकोचा हूं होता. त्याला वेगळे अर्थ असतात. तिकडं खोलीत दोऱ्या आवळल्याचा, खोकी ओढल्याचा आवाज येई. एकादशी झाली की देवसिंग जाणार होता.

"तुमचा हत्ती कवाचा पाण्यात उभा हाय," एकादशीच्या आदल्या दुपारी विमलताई म्हणाल्या. "मगर बिचारी कटाळली असन. काय ते एकदा सांगून टाका. देवळात लोकायले रडवता, अन् भिंतीच्या पलीकडं एक शब्द जाऊन नाई राह्यला तुमचा."

त्या आत गेल्या. पुंडलिकराव बराच वेळ फळीकडं पाहत पडले. उन्हानं घर असं थांबलं होतं, की भिंतीतून चुना सुकल्याचा आवाज यावा. मग ते उठले, स्टुलावर चढले आणि फळी काढली. पलीकडून झरोका बोळा कोंबून बंद केलेला होता. ती गोधडीच होती. चिमुकल्या भिंगांत पुंडलिकरावांना आपला चेहरा दिसला, पण सुटा सुटा. इथं एक डोळा, तिथं नाक, खाली मिशीचा तुकडा. विम्यासाठी कोणी त्यांच्याच सामानाची वाटणी करून ठेवावी तसा.

"देवसिंगभाऊ," ते गोधडीला म्हणाले.

काही नाही.

"मले एक सपन पडलं होतं. मारुतीरायानं आपलं घर उचललं अन् उलटं केलं. ते पोरगी म्हणली होती, जे पडते ते सामान. लय सामान पडलं, भाऊ. कपाट पडलं, बरण्या पडल्या. विमलबी पडली असन, साडी त गेलीच होती. मीबी पडलो. मले वाटत होतं मी घराचा मालक हाय, पण मीबी सामानच निघालो."

पलीकडं खोकं ओढायचा आवाज थांबला.

"तुमी या झरोक्यातून लोंबत होते. मारुतीरायानं किती हलवलं, तुमी पडलेच नाई. मले समजे नाई का हे काहून. अन् ते पोरगी सांगून गेली होती की, जे पडत नाई ते घर. मी गेरू घेऊन सगळ्यायवर नावं टाकत बसलो. येवढं मातर ध्यानातच नाई आलं."

ते स्टुलावरून उतरले आणि खाटेवर आडवे झाले. डोळे मिटले. कुठंतरी कावळा एकदाच ओरडला आणि त्याला पस्तावा झाला असावा.

मग पाणी आलं. आधी लांबून, मोरीतून, नळ खाकरल्यासारखा. मग बोळीत, पत्र्याच्या तळावर, टपटप, आणि मग सलग धार. कोरडा डबा आधी खणखणला, मग आवाज जड होत गेला, खोल होत गेला, तळं भरावं तसा. पुंडलिकराव ऐकत राहिले. उठले आणि त्यांनी बटन दाबलं.

कूलर कण्हला. थरथरला. चिमणी शिव्या देत उडाली. आणि गोधडी झरोक्यात फुगली, फुगली, शिडासारखी झाली, आणि सुटून पुंडलिकरावांच्या डोक्यावर येऊन पडली. तिच्याखालून त्यांना वाळ्याचा वास आला. आणि वाऱ्याच्या मागोमाग, अगदी मागोमाग,

"हूं."

पुंडलिकराव गोधडीच्या आतच बसून राहिले.

"मंग?" पलीकडून देवसिंग म्हणाला. "हत्तीचं काय झालं? लेकरू कवाचं पाण्यात हाय."

"मंग हत्तीनं सोंड वर केली, देवसिंगभाऊ."

"हूं."

"अन् हाक मारली."

"हूंऽ."

हत्तीच्या हाकेला देव धावून येईपर्यंत दोघंही जागे राहिले नाहीत. तो आला दुसऱ्या दिवशी, देवळात, भरल्या सभेत, आणि पुंडलिकरावांच्या पायाखाली तीच गोधडी होती. कोपऱ्यावरचं दे धुतल्यावरही जरासं राहिलेलं. आधी विमलताईंनी सगळ्यात मोठ्या पातेल्यात आमरस भरून मागच्या दारी पाठवला होता, पातेलं दिसेनासं होईल इतका. ते पातेलं ज्वारीच्या गरम बाट्या, म्हणजे तांड्यावरच्या भाकरी, आणि मिरचीचा ठेचा घेऊन परत आलं. मग ते पुन्हा गेलं. आता कोणाचं आहे, विचारू नका. चौरंगही आला. विठोबा काही बोलला नाही, पण वर्तमानपत्रावरून उतरताना त्याला बरं वाटलं असणार.

विमे तीन झाले. बांधकामाचा पुंडलिकरावांचा, सामानाचे ज्याचे त्याचे. खाट देवसिंगच्या यादीत, पुरणयंत्र कोणाच्याच नाही, कारण ते फोटोच्या वेळी नेमकं बसंतीबाईंकडं गेलेलं. गोठ्याची पाहणी अजून व्हायची आहे. साहेब आलेच तर दाखवायला एखादी गाय बांधून ठेवावी, असा विठ्ठलरावांचा सल्ला आहे.

"आणि कूलर?" प्रेरणानं विचारलं.

"माझा," पुंडलिकराव म्हणाले.

"माझा," देवसिंग म्हणाला. "मोटर कोणाची हाय?"

"अन् डबा?"

प्रेरणानं दोघांकडं पाहिलं, पन्हं संपवलं, आणि कूलर दोन्ही याद्यांतून सोडून दिला. तेव्हापासून तो देवाच्या भरवशावर चालतो.

"अन् त्या झरोक्याचा विमा होते काय?" निघताना पुंडलिकरावांनी तिला विचारलं होतं.

"काका, भिंतीला उद्या भोक पडलं तर कंपनी बघेल. आधीच पाडून ठेवलेल्या भोकाचं आम्ही काही करू शकत नाही."

तर झाली गोष्ट. वारा लागतोय ना? आता उठायच्या आधी एक मागणं आहे. धर्मपाल मिस्त्री आता नाही. त्यानं बांधलेल्या भिंती या शहरात पुष्कळ असतील, पण जिथं त्यानं थोडी भिंत काढून ठेवली, तिथं दोन माणसं दुपारी सुखानं झोपतात. वाऱ्याच्या मागोमाग बोलणंही येईल, असं तो म्हणून गेला होता. त्याची एकदा आठवण करा. आणि पलीकडून कोणी काही सांगत असेल, तर त्याला हूं म्हणा.